चर्चागटाचे सोफे

पुण्यात दोन माणसं एका विचाराची भेटली की ती तिसऱ्याला अध्यक्ष करतात आणि चौथ्याला आभार मानायला लावतात. ज्या कामासाठी जमलो त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला पाचवा माणूस कधी बोलावलेलाच नसतो. हा सिद्धांत मी कुठे वाचलेला नाही. विद्यापीठात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि पाहताना मला जो आनंद झाला तो दोन्ही पोरांच्या बारशातही झाला नव्हता.

पन्नाशी उलटल्यावर मी बँकेची नोकरी सोडली आणि राज्यशास्त्राच्या एम. ए.ला नाव घातलं. आम्ही विश्रांतवाडीला राहतो. यजमान खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. तिथे हात जपून आणि तोंड त्याहून जपून चालवावं लागतं, त्यामुळे घरीही ते शब्द काटकसरीनेच वापरतात. प्रवेश मिळाल्याचं मी नाटकी आवाजात जाहीर केलं तर म्हणाले, "बरं. डबे दोन करत जा."

वर्गात सगळी माझ्या मुलांच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांची काकू झाले. शेजारच्या बाकावर चंद्रपूरकडची एक मुलगी बसायची. काटक, गंभीर, आणि बोलली तर आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावरचा झोपलेला उठून बसायचा. ती सेटच्या परीक्षेची तयारी करत होती. ती परीक्षा पास झाली तर प्राध्यापक होण्याचं दार उघडणार होतं. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की वसतिगृह या वर्षापुरतंच, नंतर घर. गावच्या पतसंस्थेत काकांनी तिच्यासाठी काउंटरमागची खुर्ची धरूनही ठेवली होती. "काकू, काका त्या खुर्चीवर रुमाल टाकून बसून राहिले जी," ती म्हणायची, "जशी एसटीतली जागा."

तर ही झाली तिची गोष्ट. आता चर्चागटाची.

आमच्या विभागात पीएच. डी. करणारा एक तरुण होता. तरुण हे मी त्याच्या म्हणण्यावरून लिहिते. विभागात त्याच्याहून जुनं फक्त टाकीच्या तळाचं शेवाळ होतं. खांद्याला खादीची झोळी, पायात परदेशी बूट, आणि बोलण्यात अशी काही तळमळ की ऐकणाऱ्याला आपण आजवर जगलो कसे याची लाज वाटावी. त्याने एका दुपारी आम्हाला कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर गोळा केलं.

"बेसिकली कॅम्पसवर पोलिटिकल डिस्कशनच होत नाहीये," तो म्हणाला. "सगळे फक्त करिअर करतायत. आपण एक स्पेस क्रिएट करू. नो अध्यक्ष, नो स्टेज, नो हायरार्की. सगळे वर्तुळात बसणार."

पायऱ्यांवर वर्तुळ कसं करायचं यावर बराच वेळ चर्चा झाली. अखेर एक लांबट, दोन मजली बटाटा तयार झाला आणि सगळ्यांनी त्याला वर्तुळ म्हणायचं ठरवलं. मग नाव. 'मंच' नको, मंच म्हणजे उंची. 'मंडळ' नको, गणपतीचं वाटतं. 'कट्टा' नको, उथळ वाटतो. 'संवाद' सुचवणाऱ्याला विचारलं गेलं की तू वाद का टाळतो आहेस. शेवटी एकमत होईना, तेव्हा भित्तिपत्रकावर नुसतं 'नियोजित चर्चागट' असं लिहायचं ठरलं. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या वावरात 'नियोजित गृहसंकुल' अशी पाटी लागलेली असते, आणि पाटीखाली वर्षानुवर्षं ऊसच वाढतो. आमचं तेच.

सगळे चहाकडे वळणार तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला.

"आमची अभ्यासिका सोफ्यांनी घेतली आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर बोलायचं का आपण?"

प्रकरण असं होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे. उन्हाळ्यात विद्यापीठात कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून नवे सोफे आणले गेले. एकेका माणसाचे, किरमिजी मखमलीचे, सोनेरी पायांचे. पाहुणे आले, टेकले, गेले. सोफे उरले. सभागृहात ठेवले तर मखमल खराब होईल, म्हणून सुट्टीत रिकाम्या पडलेल्या अभ्यासिकेत ते तात्पुरते ठेवले. टेबलं व्हरांड्यात, दाराला कुलूप, किल्ली रेक्टरबाईंच्या कमरेला. सुट्टी संपली, मुली आल्या, 'तात्पुरते' काही गेलं नाही. ग्रंथालय बराच वेळ उघडं असतं, पण मुलींच्या वसतिगृहाचं फाटक त्याआधीच बंद होतं. खोलीत चौघी. एकीचं लग्न ठरलेलं, ती अखंड फोनवर लाजत असायची. म्हणून ही मुलगी जिन्यात बसून वाचायची, आणि कोणी वर-खाली करू लागलं की पुस्तक छातीशी धरून भिंतीला चिकटायची.

संशोधकाने तळमळून मान हलवली. "इश्यू व्हॅलिड आहे. पण थोडा लोकल आहे. आधी आपण थिअरेटिकल फ्रेमवर्क ठरवू, मग त्यात हे प्लेस करू."

"फ्रेमवर्क ठरेपर्यंत मी जिन्यातच बसू का?"

सगळे हसले. "नोट केलंय," संशोधक म्हणाला. त्याच्या हातात पेन नव्हतं.

दुसऱ्या बैठकीला विभागप्रमुख सर आले. सरांविषयी मला अत्यंत आदर आहे, कारण इतक्या कमी ऐवजावर इतका मोठा पसारा उभा करणारा माणूस मी बँकेतही पाहिला नव्हता. वर्तुळात बसायला त्यांची हरकत नव्हती, फक्त गुडघ्यांमुळे त्यांना खुर्ची लागायची. खुर्ची आली. वर्तुळात एकाला खुर्ची मिळाली की उरलेलं वर्तुळ आपोआप प्रेक्षक होतं. तिसऱ्या बैठकीत खुर्चीपुढे टेबल आलं, चौथ्या बैठकीत टेबलावर फुलदाणी. मग प्रास्ताविक आलं. प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय आला. 'मनोगत' आलं, 'अध्यक्षीय समारोप' आला. चर्चा तेवढी राहून गेली. दर वेळी कोणीतरी हळहळत म्हणायचं, "वेळेअभावी चर्चा घेता येत नाही," आणि सगळे अशा समाधानाने उठायचे की जणू ती घेतलीच.

आणि आभार. ते दर वेळी त्या मुलीकडे. "तुझा आवाज चांगला आहे गं," सर म्हणायचे. आभारप्रदर्शन म्हणजे लोक चपला शोधत असताना केलेलं भाषण. ते कोणाला नको असतं, म्हणून मुलींना देतात. ती उभी राहायची, सरांचे, फुलदाणीचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार मानायची, आणि जिन्यात परत जायची.

एकदा मी तिला विचारलं, "तू येतेस कशाला इथे? तेवढा वेळ वाचशील तरी."

"आज ना उद्या मुद्दा येईन असं वाटते," ती म्हणाली. आणि लगेच, "काकू, हे लोक बोलतात काहून इतकं? यांले परीक्षा नाई का?"

दिवाळी तोंडावर आली आणि सरांनी जाहीर केलं की गटाचं आता रीतसर उद्घाटन झालं पाहिजे. इतके दिवस बिनउद्घाटनाचे बोलत होतो हे त्यांना झोपू देत नव्हतं. सभागृह ठरलं. विषय ठरला: 'सत्ता आणि संवाद'. मग सरांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांकडे असं पाहिलं जसं नावडत्या जावयाकडे पाहतात.

"मंचावर या शोभणार नाहीत. ते सोफे आहेत ना कुठेतरी?"

"पण सर," संशोधक कळवळला, "स्टेज म्हणजे हायरार्की होते. आपली मूळ भूमिका वर्तुळाची—"

"तुम्हीही मंचावर आहात. संस्थापक म्हणून."

संशोधक क्षणभर विचारात पडला. थिअरेटिकल विचार असावा. "मग एक सोफा जास्त लागेल," तो म्हणाला.

सरांनी तर पहिल्या रांगेतल्या निमंत्रितांसाठीही सोफेच हवेत असं ठरवलं. म्हणजे सगळेच्या सगळे. परवानग्या त्यांनी स्वतः फोन करून एका सकाळीत मिळवल्या. इतक्या आठवड्यांत अभ्यासिकेसाठी जो फोन झाला नाही, तो मखमलीसाठी झाला. मी आणि ती मुलगी कोपऱ्यात चहा पीत हे ऐकत होतो. तिने कप खाली ठेवला.

"काकू, सगळेच सोफे निघून राहिले का?"

"सगळेच."

"मग परत कधी येतीन?"

"कार्यक्रम आटपला की टेम्पो येईल."

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "यांचा कार्यक्रम लवकर संपते का?"

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. बँकेच्या नाट्यस्पर्धेत मी सलग कित्येक वर्षं खलनायिका केलेली आहे. पडदा वर जाण्याआधीची घंटा मला तिथे, बेचव चहा पिताना ऐकू आली.

"तुला किती वेळ हवा?" मी विचारलं.

"टेबलं आत घ्यायची, झाडायचं, पोरी बसवायच्या. एकदा बसल्या ना, मग कोणी उठवून दाखवो."

मी तडक सरांकडे गेले आणि सूत्रसंचालन मागून घेतलं. शिवाय सुचवलं, "सर, मंचावर एकही स्त्री नाही, बरं दिसणार नाही. रेक्टरबाईंना बसवू या."

"उत्तम सूचना!" सर म्हणाले. रेक्टरबाईंना आयुष्यात पहिल्यांदा मंच मिळत होता. आदल्या दिवशीच त्या पार्लरमध्ये जाऊन आल्या. कार्यक्रमाच्या दुपारी टेम्पो सोफे घेऊन निघाला तेव्हा त्या साडीच्या निऱ्या धरून घाईत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, कुलूप कशाला लावताय? तासाभरात परत आत ठेवायचेत." त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि दार नुसतं लोटून घेतलं. तासाभरात! पुण्यातल्या कार्यक्रमाला मी तासाभराचा म्हटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला, यावरून त्यांना मंचाची किती ओढ होती ते कळावं.

सूत्रसंचालकाच्या हातात चिठ्ठी नावाचं एक शस्त्र असतं. वक्ता लांबला की 'कृपया आवरतं घ्या' अशी चिठ्ठी सरकवायची. मीही चिठ्ठ्या सरकवल्या. प्रास्ताविक करणाऱ्याला मी लिहून पाठवलं, 'श्रोते रंगले आहेत.' तो वाचून लाल झाला आणि प्राचीन ग्रीसपासून पुन्हा सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांना पाठवलं, 'आपल्या लहानपणाविषयी ऐकायला सगळे उत्सुक.' त्यांचं लहानपण फार मोठं निघालं. संशोधकाला बोलवायची वेळ आली तेव्हा तो मखमलीत इतका रुतला होता की दोन प्रयत्नांनंतर उठला, आणि मग वर्तुळाच्या महत्त्वावर त्या उंचीवरून बोलला. मी मध्ये मध्ये उठून प्रत्येकाची अशी स्तुती करत होते की घरी ऐकवली असती तर यजमानांनी ताप पाहिला असता.

समोर मुलांची गर्दी होती, कारण हजेरी घेतली जाणार होती. मुली मात्र मोजक्याच. सरांच्या ते लक्षात आलं नाही. ते आपल्या समोरच्या सगळ्यांना 'तरुणाई' म्हणत होते.

अध्यक्षीय समारोप चालू असताना पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या त्या मुलीचा फोन उजळला. तिने वाचलं. माझ्याकडे पाहून पापणी मिटली. मी सरांना शेवटची चिठ्ठी पाठवली. ती मात्र नेहमीची, 'आवरतं घ्या.' सर दुखावले, पण आवरले.

ती ध्वनिक्षेपकापाशी गेली. लोक उठायच्या बेतात होते. दाराबाहेर वडे आल्याचा वास होता.

"सर्वप्रथम मी अध्यक्ष सरांचे आभार मानते," तिने सुरुवात केली आणि त्या आवाजाने अर्धे उठलेले पुन्हा बसले. "मुलींच्या अभ्यासिकेत उन्हाळ्यापासून सोफे ठेवलेले होते. आमच्या बसायला जागा नव्हती. सरांनी स्वतः फोन करून, सगळ्या परवानग्या काढून, आज ते सोफे बाहेर काढले. एकही मागे ठेवला नाही."

टाळ्या झाल्या. आभारात नाव आलं की आपल्याकडे टाळी पडते, का ते कोणी पाहत नाही. सर किंचित उठले आणि हात जोडले. म्हणजे स्वीकारलं!

"रेक्टर मॅडमचे आभार. त्यांनी आपल्या हाताने कुलूप उघडलं आणि आजपासून अभ्यासिका आम्हाला मोकळी करून दिली. मुली या क्षणी तिथे अभ्यासाला बसल्या आहेत, म्हणून इथे आल्या नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागते."

सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. रेक्टरबाई सगळ्यांबरोबर हसत वाजवायला लागल्या आणि मग त्यांचे हात तसेच हवेत थांबले. मी नाट्यस्पर्धेत पुष्कळ अभिनय पाहिला आहे, पण असे हात पाहिले नाहीत.

सर संशोधकाकडे वाकले. सरांपुढचा ध्वनिक्षेपक समारोपापासून चालूच राहिला होता, त्यामुळे कुजबुज आम्हा सगळ्यांना ऐकू आली. "हे काय चाललंय?"

"सर, अचीव्हमेंट आहे आपली," संशोधक टाळ्या न थांबवता म्हणाला.

"आणि शेवटी या गटाचे आभार," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा मुद्दा नोट केला होता. सोफे आता परत ठेवण्याची तसदी कोणी घेऊ नये. धन्यवाद."

आता गंमत बघा. आभार मानणाऱ्याला अडवायची आपल्याकडे पद्धत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवता येतं, भाषण करणाऱ्याला चिठ्ठी पाठवता येते, घोषणा देणाऱ्याला बाहेर काढता येतं. पण भर सभेत कोणी आपले आभार मानत असेल तर 'नाही हो, मी हे केलेलं नाही' असं म्हणायला माणूस लागतो, आणि मंचावर फक्त मान्यवर होते. फुकट मिळालेलं श्रेय परत केल्याचं एकही उदाहरण या शहरात मला ठाऊक नाही. लोक उसनी वाटी परत करत नाहीत.

टेम्पो सोफे घेऊन वसतिगृहाशी गेला. मीही गेले, हा अंक सोडणं शक्य नव्हतं. रेक्टरबाई साडी सावरत आत शिरल्या. अभ्यासिकेत टेबलं लागली होती आणि प्रत्येक टेबलाशी मुली मान खाली घालून वाचत होत्या.

"अगं मुलींनो, मग सोफे ठेवायचे कुठे?" बाईंनी विचारलं.

कोणी मान वर केली नाही. दाराजवळची एक, पुस्तकातून वर न पाहता, म्हणाली, "मॅडम, टाळ्या झाल्या ना आता."

सोफे फिरले. सभागृहवाल्यांनी नाकारले, अतिथिगृहाने नाकारले. शेवटी ज्यांच्या फोनवर ते बाहेर पडले होते त्यांच्याच गळ्यात आले. काही विभागाच्या बोळात उभे आहेत आणि उरलेले सरांच्या केबिनमध्ये, एकावर एक. सरांना आता आपल्या खुर्चीपर्यंत आडवं चालत जावं लागतं. गुडघ्यांना त्रास होतो म्हणे.

गटाचं सांगायचं तर पुढची बैठक झाली. या यशाला अहवालात 'लढा' म्हणायचं की 'संवाद', यावर संशोधक आणि सर यांचं बिनसलं. आता दोन गट आहेत. दोन्ही नियोजित. दोघांच्याही भित्तिपत्रकावर 'अभ्यासिका मिळवून देणारा' असं छापलेलं आहे. आणि आभार मानायला दोघांनाही मुलगी मिळत नाही. त्या चंद्रपूरकडच्या मुलीला दोघांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "मानून झाले."

घरी मी सगळा प्रयोग यजमानांना करून दाखवला, रेक्टरबाईंच्या हातांसकट. त्यांनी भाकरी संपवली.

"सोफे कुठे आहेत म्हणालीस?"

"सरांच्या केबिनमध्ये."

"मग जागच्या जागी गेले," ते म्हणाले आणि ताट उचललं.

परवा मी अभ्यासिकेत गेले. पोटात बातमी मावत नव्हती. संशोधक आणि सर दोघंही आपापल्या गटाची पुढची बैठक या 'ऐतिहासिक' अभ्यासिकेतच व्हावी म्हणून रेक्टरबाईंकडे खेटे घालत होते, आणि पुरुषांना फाटकाच्या आत प्रवेश नाही हा वसतिगृहाचा नियम बाई दोघांनाही आळीपाळीने, प्रचंड सुखाने वाचून दाखवत होत्या. हे मला त्या मुलीला हावभावांसह सांगायचं होतं. ती खिडकीजवळच्या टेबलाशी होती. परीक्षा जवळ आलेली. टेबलावर पुस्तकं पसरलेली, कोपरं दोन्ही बाजूंना ऐसपैस. जिन्यात बसणारं माणूस असं कोपरं टाकून बसत नाही.

मी शेजारची खुर्ची ओढली, पदर खोचला आणि सुरुवात केली, "अगं, ऐक तर—"

तिने वर पाहिलंही नाही. फक्त एक बोट ओठांवर ठेवलं.

"काकू, बाहेर बोला जी. इथं पोरी वाचून राहिल्या."